परंपरा जपणाऱ्यांचा मान: न्यू मेक्सिको, टेक्सस आणि न्यूयॉर्कमधली हिस्पॅनिक मंडळी

पाणंद (धागालेखिका)

अमेरिकेत १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा हिस्पॅनिक वारसा महिना असतो. तो असा अध्येमध्ये सुरू होतो, कारण १५ सप्टेंबर हा ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन. १६ला मेक्सिकोचा असतो, १८ला चिलीचा. १९६८मध्ये लिंडन जॉन्सन यांच्या काळात हा फक्त आठवडा होता, त्याचा महिना झाला १९८८मध्ये. या दिवसांत शाळा, वाचनालयं, कचेऱ्या पताकांनी सजतात, भाषणं होतात, जेवणं होतात. ज्यांच्या हातांनी आणि गळ्यांनी हा वारसा इथवर आला त्या माणसांचा मान कसा आणि कधी होतो, हा प्रश्न मला अल्बकर्कीत राहायला लागल्यापासून सोडत नाहीये. म्हणून हा धागा.

आधी न्यू मेक्सिकोबद्दल. इथल्या उत्तरेकडच्या डोंगराळ गावांतली स्पॅनिश बोलणारी जुनी घराणी स्थलांतर करून अमेरिकेत आलेली नाहीत. १५९८मध्ये स्पॅनिश सेनानी हुआन दे ओन्यातेच्या तांड्याबरोबर आणि पुढच्या काळात ती मेक्सिकोतून वर येऊन वसली. १८४८मध्ये, अमेरिका-मेक्सिको युद्धानंतर, सीमारेषाच त्यांना ओलांडून दक्षिणेला गेली. गावं आडवळणाची, पाद्र्यांची वानवा, मूर्ती मेक्सिकोहून मागवायच्या तर महिनोन्महिन्यांची वाट. मग गावातलाच सुतारकीचा हात असलेला कोणीतरी संत कोरायला बसला. तो सांतेरो. कोरीव मूर्तीला इथे बुल्तो म्हणतात, फळीवर रंगवलेल्या संताला रेताब्लो.

या कामाची रीत बघण्यासारखी आहे. बुल्तोसाठी कॉटनवूडचं मूळ घेतात, कारण ते हलकं असतं आणि चाकूला सहज वश होतं. फळीसाठी पाइन. त्यावर जिप्समची पूड आणि सशाच्या कातड्याचा सरस कालवून पांढरा लेप देतात. तो वाळला की रंग: कोचिनील किड्याचा लाल, नीळ, अक्रोडाच्या टरफलांचा तपकिरी, मातीतले गेरू आणि पिवळे. शेवटी पिन्योन पाइनची राळ मद्यार्कात विरघळवून तिचं वार्निश. सगळं आजूबाजूच्या रानातलं किंवा व्यापारी वाटेवरून आलेलं. हे पुस्तकात वाचून येत नाही. लेप किती पातळ हवा, राळ किती वेळ मुरवायची, हे बाजूला बसून बघावं लागतं.

कॉर्डोव्हा नावाच्या गावात होसे दोलोरेस लोपेस (१८६८–१९३७) हे असेच कोरणारे. ते घरातलं लाकडी सामान भडक रंगांत रंगवायचे. १९२५च्या सुमारास सांता फेला बाहेरून येऊन राहिलेल्या कलाप्रेमींनी त्यांना हेरलं. लेखिका मेरी ऑस्टिन आणि चित्रकार फ्रँक ॲपलगेट हे त्यांतले प्रमुख. स्पॅनिश कलोनियल आर्ट्स सोसायटी त्यांनीच स्थापली आणि १९२६मध्ये पहिला स्पॅनिश मार्केट भरवला. या मंडळींना लोपेस यांचे रंग फार भडक वाटले. त्यांनी सुचवलं की लाकूड उघडंच ठेवा. त्यातून कॉर्डोव्हाची बिनरंगी, बारीक खाचांच्या नक्षीची शैली रूढ झाली, आणि आज तीच ‘पारंपरिक’ म्हणून ओळखली जाते. ती सुंदर आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मान देणाऱ्याची आवड मान घेणाऱ्याच्या कामात कशी उतरते, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. तरीही त्या आधाराशिवाय होसे दोलोरेस यांच्या मुलाबाळांनी चाकू हातात धरला असता का, तेही सांगता येत नाही.

त्यांचे चिरंजीव जॉर्ज लोपेस. १९८२मध्ये अमेरिकी सरकारच्या कला निधीने नॅशनल हेरिटेज फेलोशिप सुरू केली, तिच्या पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. जपानमध्ये १९५०पासून कसबी कारागिरांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ मानण्याची पद्धत आहे, त्यावरून ही कल्पना घेतलेली. आज या फेलोशिपबरोबर २५,००० डॉलर मिळतात, एकदाच. त्यानंतरच्या याद्यांत न्यू मेक्सिको आणि शेजारच्या दक्षिण कोलोराडोतली कितीतरी माणसं आली: १९८४मध्ये गायक-कथेकरी क्लेओफेस व्हिहिल, १९८७मध्ये पत्र्याचं काम आणि कोल्चा भरतकाम करणारं एमिलियो आणि सेनाइदा रोमेरो हे जोडपं, २००६मध्ये सांतेरो चार्ल्स कॅरिलो, २००७मध्ये चिमायोचे विणकर अर्विन त्रुहियो. कॅरिलो मूळचे पुरातत्त्वाचे अभ्यासक. अबिक्यूच्या प्रार्थनाघरांचा अभ्यास करता करता स्वतःच रेताब्लो रंगवायला लागले. त्रुहियो सिव्हिल इंजिनियरिंग शिकलेले, वडिलांनी शिकवलेला माग मात्र त्यांनी सोडला नाही.

मला सगळ्यांत जवळच्या वाटतात एप्पी आर्चुलेटा (१९२२–२०१४). कोलोराडोच्या सॅन लुइस खोऱ्यातल्या विणकर, १९८५च्या फेलो. त्यांची आई अगेदा मार्तिनेस (१८९८–२०००) मेदानालेसची. अगेदाबाई शेती करायच्या आणि उरलेला सगळा वेळ मागावर असायच्या. त्यांच्यावरच्या लघुपटाला १९७०च्या दशकात ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. आईने लेकींना शिकवलं, लेकींनी पुढच्यांना. एप्पीबाईंनी उतारवयात लोकरीची गिरणीसुद्धा चालवली, कारण हवी तशी लोकर मिळेना. आता मला सांगा, त्या घराचा मान करायचा तर नेमका कोणाचा करायचा? फेलोशिप एका नावाला मिळते, आणि माग तर चार पिढ्यांचा.

माझं म्हणणं असं आहे की मान हात चालत असताना व्हायला हवा, आणि शेजारी शिकणारं कोणी बसलेलं असेल अशा रीतीने व्हायला हवा. जॉर्ज लोपेस यांना फेलोशिप मिळाली तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. मला त्या मोठ्या पुरस्कारापेक्षाही राज्याच्या कला विभागाची गुरू-शिष्य योजना मोलाची वाटते. तिच्यात गुरू आणि शिष्य दोघं मिळून अर्ज करतात, आणि शिकवण्याच्या वेळेचा मोबदला गुरूला मिळतो. रक्कम लहान असते, तिची बातमीही होत नाही. पण तिच्यामुळे विशीतलं एखादं पोर साठीतल्या माणसाच्या शेजारी बसतं.

तुम्ही राहता तिथे अशी कोण माणसं आहेत? त्यांचा मान कसा होतो? लिहा.

---

ऋतुगंधा

पाणंदताई, फार आवडला धागा. मी सॅन अँटोनियोत असते, त्यामुळे मारियाचीबद्दल, म्हणजे व्हायोलिन-गिटार-ट्रम्पेटच्या साथीने गायल्या जाणाऱ्या मेक्सिकन लोकसंगीताबद्दल, लिहिल्यावाचून राहवत नाही.

इथल्या सार्वजनिक शाळांत मारियाची हा विषय असतो, चक्क वर्गात शिकवला जाणारा, गुण मिळणारा. याचं श्रेय मुख्यतः बेल सॅन मिगेल ओर्तीस या शिक्षिकेला जातं. १९७०च्या सुमारास त्यांनी इथल्या शाळांत मारियाची शिकवायला सुरुवात केली. तेव्हा शाळेत बँड म्हणजे ट्रम्पेट आणि ड्रमचा, कवायतीचा. घरी आजोबा जे संगीत वाजवतात ते शाळेत चालणार नाही अशी समजूत होती, आणि शाळेत स्पॅनिश बोललं म्हणून शिक्षा झालेली पिढी पालकांच्या रांगेत बसलेली होती. त्या वातावरणात बेलबाई उभ्या राहिल्या. १९७९मध्ये पती हुआन ओर्तीस यांच्याबरोबर त्यांनी इथे मारियाचीचं संमेलन सुरू केलं. मेक्सिकोतले दिग्गज येऊन शाळकरी मुलांना शिकवायचे. त्या २०२३मध्ये गेल्या. आज टेक्ससमध्ये शाळांच्या राज्यस्तरीय मारियाची स्पर्धा होतात, रिओ ग्रांदे खोऱ्यातल्या शाळा त्या गाजवतात.

माझी मुलगी शाळेच्या मारियाचीत व्हायोलिन वाजवते. आमच्या घरात स्पॅनिश कोणालाच येत नव्हतं. तिच्या मास्तरांचा दंडक असा की गाण्याचा अर्थ सांगता आल्याशिवाय गाणं वाजवायचं नाही. त्यामुळे ती शेजारच्या आजीबाईंकडे जाऊन बसते, शब्द विचारते, उच्चार सुधारून घेते. आजीबाई तिला गाणं कोणत्या प्रसंगी म्हणतात तेही सांगतात: हे वाढदिवसाच्या पहाटेचं, हे दफनाच्या वेळचं. या आजीबाईंना कोणी पदक देणार नाही. तुम्ही विचारलंत म्हणून माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा त्याच आल्या.

---

जुईचा_मांडव

वाचतेय. कोल्चा भरतकामाबद्दल अजून लिहाल का? माझी आई कशिदाकाम करायची, तिला वाचून दाखवेन.

---

पाणंद

जुई, कोल्चा म्हणजे लोकरीच्या धाग्याने केलेलं भरतकाम. लांब टाका टाकतात आणि मध्ये लहान आडव्या टाक्यांनी तो खाली बांधून घेतात, त्यामुळे पृष्ठभाग भरगच्च भरत जातो. जुन्या नमुन्यांत पूर्ण कापड झाकून टाकलेलं असतं, खाली कोणतं विणकाम आहे ते दिसतच नाही. धागा घरच्या मेंढ्यांचा, रंग घरचाच. हे काम विसाव्या शतकात जवळपास थांबलं होतं. ते परत उभं राहिलं ते गावोगावच्या बायकांनी एकमेकींच्या घरी जमून केलेल्या भरतकामामुळे. आईंना माझा नमस्कार सांगा.

---

मुक्तछंद

धागा चांगला आहे, पण मनात एक गोष्ट टोचतेय ती मांडतो. ओन्यातेचं नाव तुम्ही नुसतं तांडाप्रमुख म्हणून घेतलंत. १५९९मध्ये अकोमा पुएब्लोवर (पुएब्लो म्हणजे इथल्या मूळनिवासींचं गाव, आणि त्या लोकांचंही नाव) त्याने केलेला हल्ला आणि नंतरची शिक्षा, म्हणजे पंचविशीपुढच्या पुरुषांचा एकेक पाय तोडण्याची आणि वीस वर्षांच्या गुलामीची, हा इतिहास आहे. ज्याला आपण ‘स्पॅनिश वारसा’ म्हणून गौरवतो तो त्या भूमीवरच्या मूळ लोकांच्या दृष्टीने जेत्यांचा वारसा आहे. मग जतन करणाऱ्यांचा मान करताना आपण नक्की कशाचा मान करतोय?

---

पाणंद

मुक्तछंद, हा प्रश्न इथली माणसं स्वतःच एकमेकांना विचारतात, आणि फार तळमळीने विचारतात. अल्काल्दे गावात ओन्यातेचा अश्वारूढ पुतळा होता. १९९७-९८च्या हिवाळ्यात कोणीतरी त्याचा उजवा पाय कापून नेला. जून २०२०मध्ये पुतळाच हलवला गेला. सांता फेच्या फिएस्तामध्ये, म्हणजे वार्षिक उत्सवात, स्पॅनिश गव्हर्नर दे व्हार्गासच्या १६९२च्या पुनरागमनाचा देखावा सादर व्हायचा. पुएब्लो लोकांना तो अपमान वाटत होता, आणि २०१८मध्ये चर्चा होऊन तो थांबवला. मला तो निर्णय योग्य वाटतो. १६८०मध्ये पुएब्लो गावांनी एकजुटीने उठाव करून स्पॅनिशांना बारा वर्षं या प्रदेशाबाहेर ठेवलं होतं. त्या उठावाचं स्मरण केल्याशिवाय इथला कोणताही उत्सव पुरा होत नाही असं माझं मत आहे.

पण जेते आणि जित अशी रेघ मारून गावं वाटता येत नाहीत. अबिक्यूचंच घ्या. तिथले बरेच लोक हेनिसारोंचे वंशज. हेनिसारो म्हणजे लढायांत पकडले गेलेले, विकले गेलेले वेगवेगळ्या जमातींचे मूळनिवासी, जे स्पॅनिश घरांत नोकर म्हणून वाढले, ख्रिस्ती झाले, स्पॅनिश बोलू लागले. त्यांना सरहद्दीवर जमिनी देऊन वसवलं, म्हणजे हल्ल्यांचा पहिला मार त्यांनी झेलावा. दोनशे वर्षं या ओळखीबद्दल घरात दबक्या आवाजात बोललं जायचं. २००७मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ठराव करून हेनिसारोंना मान्यता दिली. अबिक्यूच्या सणांत आजही अशी नृत्यं-गाणी होतात ज्यांत पकडून नेलेल्यांची आठवण आहे. ती आठवण कोणी टिकवली? गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी, ज्यांनी नाव विसरू दिलं नाही.

मातचिनेस नृत्यही तसंच. तेच नृत्य पुएब्लो गावांतही होतं आणि हिस्पॅनिक गावांतही, गिटार-व्हायोलिनवर नाहीतर ढोलावर. त्याच्यावर हक्क कोणाचा, हे ठरवायला बसलात तर संध्याकाळ होईल. म्हणून मला असं वाटतं की माणसाचा मान करताना त्याच्या तोंडून अख्खी गोष्ट ऐकून घ्यावी, पाय तोडल्याचीसुद्धा.

---

मुक्तछंद

हेनिसारोंबद्दल काहीच माहीत नव्हतं. आभारी आहे. तुमचं शेवटचं वाक्य मान्य.

---

स्वरसाधक

टेक्ससचा विषय निघालाच आहे तर कोन्हुन्तोवर लिहितो. ॲकॉर्डियन आणि बाहो सेक्स्तो (बारा तारांचं, गिटारच्या जातीचं, खर्जातलं वाद्य) यांची ही जोडी. ॲकॉर्डियन आणि पोल्का टेक्ससमध्ये जर्मन आणि चेक शेतकऱ्यांबरोबर आले. मेक्सिकन शेतमजुरांनी ते उचललं आणि पार आपलं करून टाकलं.

हे ज्याने घडवलं तो नार्सिसो मार्तिनेस (१९११–१९९२). ॲकॉर्डियनच्या डाव्या बाजूला खर्जाची बटणं असतात. नार्सिसोने ती जवळपास सोडूनच दिली. खर्ज आणि ठेका सांतियागो आल्मेइदाच्या बाहो सेक्स्तोवर सोपवला आणि स्वतः उजव्या हाताने धून अशी मोकळी सोडली की लोक त्याला ‘खोऱ्याचं वादळ’ म्हणू लागले. १९३०च्या दशकात त्याच्या तबकड्या सीमेच्या दोन्ही बाजूंना वाजत होत्या. आणि हा माणूस पोटासाठी काय करत होता? शेतमजुरी, ट्रक चालवणं, आणि उतारवयात ब्राउन्सव्हिलच्या प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची देखभाल. १९८३मध्ये त्याला हेरिटेज फेलोशिप मिळाली, वयाच्या बाहत्तराव्या वर्षी. पाणंदताईंचा वेळेचा मुद्दा मला इथे फार जाणवतो. सॅन बेनितो गावात आज त्याच्या नावाचं सांस्कृतिक केंद्र आहे, मुलं तिथे शिकतात, याचा आनंद आहेच.

लिडिया मेंदोसा (१९१६–२००७) १९८२च्या पहिल्या यादीतली. सॅन अँटोनियोच्या बाजारचौकात, प्लासा देल साकातेमध्ये, ती आई-वडील-भावंडांबरोबर नाण्यांसाठी गायची. ‘मालोम्ब्रे’ या गाण्याचे शब्द तिला लहानपणी च्युइंगमच्या वेष्टनावर छापलेले सापडले होते. १९३४मध्ये तिने ते एकटीने, बारा तारांच्या गिटारवर गाऊन ध्वनिमुद्रित केलं आणि कापूस वेचणाऱ्या मजुरांच्या वस्त्यांत ती घरोघरी पोचली. १९७७मध्ये जिमी कार्टर यांच्या शपथविधी सोहळ्यात गायली, १९९९मध्ये राष्ट्रीय कला पदक मिळालं, २०१३मध्ये टपाल तिकीट निघालं. चौकातल्या नाण्यांपासून तिकिटापर्यंत.

आता एका बाहेरच्या माणसाबद्दल. क्रिस स्ट्राखविट्झ, जर्मनीत १९३१मध्ये जन्मलेला, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आलेला. १९६०मध्ये त्याने आरहूली नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी काढली. जुन्या मेक्सिकन तबकड्या लोक टाकून देत होते तेव्हा हा त्या गोळा करत सुटला होता. त्याचा संग्रह आज लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयामार्फत फ्रोंतेरा संग्रह म्हणून जगासमोर आहे. लाखाहून जास्त ध्वनिमुद्रणं आहेत त्यात. २०००मध्ये परंपरेचा प्रसार करणाऱ्यांसाठी बेस लोमॅक्स हॉज यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला, तो पहिला त्याला मिळाला. पण या कथेतला मला सर्वांत प्रिय भाग पुढचा आहे. या तबकड्या संगणकावर आणायला पैसे हवे होते. लॉस तिग्रेस देल नोर्ते या लोकप्रिय बँडच्या प्रतिष्ठानने पाच लाख डॉलर दिले. स्थलांतरित मजुरांची गाणी गाऊन मोठे झालेले कलाकार, त्यांनी आपल्या आज्या-पणज्यांच्या आवाजांसाठी गल्ला उघडला. मला हा मानाचा सर्वांत उत्तम प्रकार वाटतो.

---

ऋतुगंधा

स्वरसाधक, नार्सिसोबद्दल वाचून गलबललं. सॅन अँटोनियोच्या ग्वादालूपे सांस्कृतिक केंद्राचा तेहानो (टेक्ससमधल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांचा) कोन्हुन्तो महोत्सव १९८२पासून दरवर्षी होतो. तिथे ऐंशीच्या घरातले वादक आणि शाळकरी पोरं एकाच मंचावर येतात. या भागात असाल तर चुकवू नका.

---

तळ्याकाठी

मी न्यूयॉर्कच्या एका सार्वजनिक वाचनालयात काम करते, म्हणून माझ्या वाट्याच्या दोन नावांबद्दल लिहिते. दोघंही पोर्तो रिकोची, आणि दोघांचा संबंध हार्लेममधल्या १३५व्या रस्त्यावरच्या एकाच वाचनालयाशी.

पुरा बेल्प्रे १९२१मध्ये तिथे रुजू झाल्या. न्यूयॉर्क सार्वजनिक वाचनालयातल्या त्या पहिल्या पोर्तो रिकन कर्मचारी. मुलांच्या विभागात जगभरच्या लोककथा होत्या, पोर्तो रिकोची एकही नव्हती. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी त्यांना पाठ होत्या: झुरळीण मार्तिना आणि तिच्याशी लग्न करणारा उंदीर पेरेस. त्यांनी ती गोष्ट मुलांना सांगायला सुरुवात केली, आधी तोंडी, मग स्वतः केलेल्या बाहुल्यांनिशी, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. १९३२मध्ये तिचं पुस्तक झालं. १९२९पासून त्या ११५व्या रस्त्यावरच्या शाखेत होत्या. तिथे पोर्तो रिकन वस्ती वाढत होती, आणि आया वाचनालयाच्या दाराशी थबकायच्या, आत यायला बिचकायच्या. बेल्प्रेबाई चर्चमध्ये, वस्तीतल्या सभागृहांत जाऊन गोष्टी सांगायच्या आणि मुलांना हाताला धरून वाचनालयात आणायच्या. सहा जानेवारीचा तीन राजांचा सण त्यांनी वाचनालयात साजरा करायला लावला. निवृत्त झाल्यावरही साउथ ब्राँक्समध्ये बाहुल्यांचे खेळ करत होत्या.

त्यांना शहराच्या महापौरांचा कला-संस्कृती सन्मान मिळाला १९८२मध्ये, आणि त्याच वर्षी जुलैत त्या गेल्या. पुन्हा तेच, ताई. १९९६मध्ये त्यांच्या नावाचं पदक सुरू झालं, लॅटिनो लेखक आणि चित्रकारांच्या बालपुस्तकांसाठी. आधी ते एक वर्षाआड असायचं, २००९पासून दरवर्षी देतात. आमच्या शाखेत पदकाचा शिक्का असलेली पुस्तकं लगेच उचलली जातात, आणि उचलणारी निम्मी मुलं घरी स्पॅनिश बोलणारी असतात. पदक मृत्यूनंतर आलं, तरी ज्या रिकाम्या कप्प्यावरून हे सुरू झालं तो कप्पा त्या पदकामुळे भरत गेला. म्हणून या पुरस्काराबद्दल मला मनापासून आदर आहे.

दुसरे आर्तुरो शोम्बर्ग. १८७४मध्ये सांतुर्सेला जन्म, १८९१मध्ये न्यूयॉर्कला आले. नोकरी एका बँकेच्या टपाल विभागात. पगारातून ते आयुष्यभर कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं जमवत राहिले. स्पेन आणि कॅरिबियनमधल्या कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांचा शोध हा त्यांचा ध्यास. १९२६मध्ये कार्नेगी निधीच्या १०,००० डॉलरमधून वाचनालयाने तो संग्रह घेतला. पुढे ते स्वतःच त्या संग्रहाचे पालक झाले. आज ते सगळं शोम्बर्ग केंद्र म्हणून उभं आहे. हिस्पॅनिक महिन्यात त्यांचं नाव फार कमी ऐकू येतं, फेब्रुवारीतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहास महिन्यात मात्र येतं. दोन्हीकडे यायला हवं.

---

पैलतीर

कॅलिफोर्नियातून एक भर. युबा सिटी आणि इंपीरियल खोऱ्यात शंभर वर्षांपूर्वी पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. १९१७च्या कायद्याने भारतातून बायका आणता येईनात, आणि गोऱ्या बायकांशी लग्नाला कायद्याची आडकाठी. मुलं कॅथलिक, बोली घरी स्पॅनिश, आडनाव सिंग. युबा सिटीत रसूल कुटुंबाचं एल रांचेरो नावाचं खाद्यगृह १९९०च्या दशकापर्यंत होतं, तिथे रोटीचा केसादिया मिळायचा. या घरांतल्या नातवंडांनी फोटो, पत्रं, पाककृती जपल्या म्हणून हा इतिहास उरला. ते कोणत्याच एका वारसा महिन्यात बसत नाहीत. त्यांचीही नोंद इथे असू दे.

---

धुळेकर

पाणंदताई, न्यू मेक्सिकोत गावकीच्या पाटांची जुनी पद्धत आहे असं ऐकून आहे. आमच्याकडे पांझरेकाठी फड पद्धत होती: बंधारा, पाट, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. तिथे हे काम कोण बघतं? तोही वारसाच ना?

---

पाणंद

धुळेकर, अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. त्या पाटांना असेकिया म्हणतात आणि राज्यात असे सुमारे सातशे पाट आजही चालू आहेत. पाण्यावर हक्क असलेले शेतकरी ते पार्सियान्ते. ते मतदानाने मायोर्दोमो निवडतात, तो तुमचा पाटकरी. वसंतात पाटाची सफाई असते. प्रत्येक घरातून हक्काच्या प्रमाणात माणूस आणि फावडं आलंच पाहिजे. टंचाईच्या वर्षी कोणाला किती तास पाणी हे मायोर्दोमो ठरवतो, आणि त्यासाठी त्याला कोणाची जमीन कशी आहे, कोणाचं पीक कुठवर आलंय, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं ठाऊक असावं लागतं. स्पेनमध्ये अरबांकडून आलेलं पाण्याचं शास्त्र आणि पुएब्लो लोकांचं इथलं पाटपाणी, दोन्ही त्यात मिसळलंय. शेजारच्या कोलोराडोत सॅन लुइसचा लोकांचा पाट १८५२चा, त्या राज्यातला सलग चालू असलेला सर्वांत जुना पाणीहक्क.

धोका आहे तो पाणी विकलं जाण्याचा. शहरं आणि बांधकामवाले चांगला भाव देतात. एकेक हक्क विकला गेला की सफाईला येणारे हात कमी होतात, आणि उरलेल्यांना पाट झेपत नाही. २००३मध्ये राज्याने कायदा करून असेकियांना अशी विक्री नाकारण्याचा अधिकार दिला. आणि असेकिया संघटना आता तरुणांना जुन्या मायोर्दोमोंच्या हाताखाली शिकायला पाठवते. मूर्तिकाराला पदक मिळतं, विणकराला मिळतं, पण मायोर्दोमोचा फोटो वर्तमानपत्रात क्वचितच दिसतो. माझ्या हाती असतं तर या महिन्यातला पहिला मान मी त्याला दिला असता, कारण पाट आटला तर गाव उठेल, आणि मग संत कोणासाठी कोरायचे आणि माग कोणी चालवायचा?

---

धुळेकर

आमच्याकडच्या फडांत आता फारच थोडे उरलेत. तरुणांना जुन्या पाटकऱ्यांच्या हाताखाली पाठवण्याची गोष्ट आमच्या पाणीवाटप संस्थेच्या बैठकीत मांडतो. त्या संघटनेचं काम कसं चालतं ते व्यक्तिगत निरोपात सविस्तर लिहाल का?

---

पाणंद

नक्की. या आठवड्यात लिहिते.

---

अबोली

आम्ही पुढच्या उन्हाळ्यात सांता फेला येतोय. स्पॅनिश मार्केट कधी असतो? तिथे जाऊन आपल्यासारख्यांनी काय करावं, काय टाळावं? आणि निघण्याआधी काही ऐकण्यासारखं आहे का?

---

पाणंद

अबोली, जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी, सांता फेच्या मुख्य चौकात. तारखा आधी तपासून घ्या. सकाळी लवकर जा, दुपारी पावसाची सर येते. कलाकार स्वतः टेबलामागे बसलेले असतात, त्यांना कामाबद्दल विचारा. रंग कुठून आणला, लाकूड कोणतं, हे सांगायला त्यांना आवडतं. घासाघीस करू नका, एका बुल्तोमागे कित्येक आठवडे गेलेले असतात. फोटो विचारून काढा. मोठ्या वस्तू परवडणाऱ्या नसतील तर मुलांच्या टेबलांकडे वळा. तिथे शाळकरी मुलांनी केलेले छोटे रेताब्लो आणि पत्र्याच्या चौकटी असतात, किमती आवाक्यातल्या. कोणाकडे शिकलास म्हणून विचारा, बहुतेक वेळा उत्तरात आजी, मामा किंवा शेजारच्या टेबलावरचं कोणीतरी निघतं. मग त्यांनाही भेटा.

वेळ काढून चिमायोला जा, तिथल्या विणकरांच्या माग असलेल्या कार्यशाळा बघा, तिथून कॉर्डोव्हा जवळच आहे. गावांतल्या मोरादा, म्हणजे पेनितेन्ते या प्रायश्चित्ताचं व्रत पाळणाऱ्या कॅथलिक बंधुसंघाची प्रार्थनाघरं, बाहेरूनच पाहावीत. ती खासगी श्रद्धेची जागा आहे.

ऐकण्यासाठी: हुआन राएल हे आरोयो ओंदोचे, पुढे स्टॅनफर्डला प्राध्यापक झालेले. १९४०च्या उन्हाळ्यात त्यांनी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन उत्तर न्यू मेक्सिको आणि दक्षिण कोलोराडोतल्या गावांत आलाबादो (धार्मिक स्तोत्रं), नाताळची लोकनाट्यं आणि नाचाच्या धुना टिपल्या. ते सगळं अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतं. आधी आलाबादो ऐका. वाद्य नाही, साथ नाही, लांब ओढलेले स्वर. मग व्हायोलिन-गिटारच्या धुना. तुमच्या तारखा ठरल्या की कळवा, त्या सुमारास मी इथेच आहे, आपण मार्केटला बरोबर जाऊ.